फुकट मिळत असताना लोकांनी गाण्याला पैसे कामून दिले?

परभणीकडच्या एका पोराचा प्रश्न आलाय. पाच जणांचा संच आहे, भीमगीतं आणि भारुडं म्हणतात, आठ गाणी नीट स्टुडिओत रेकॉर्ड करून ठेवलीत. त्याचं म्हणणं असं की एकेकाळी आयट्यून्ससारख्या ऑनलाइन दुकानातून लोक रीतसर पैसे देऊन गाणी उतरवून घ्यायचे, ते जगात कसं काय चाललं, आपल्याकडं कामून चाललं नाही, आणि आज आम्ही गाणी तशी विकायला ठेवावी का सरळ यूट्यूबवर टाकून मोकळं व्हावं.

मला सर म्हणू नको, इकडं सगळे मामाच म्हणतात. मी लातूरला आधी कॅसेट-सीडीचं दुकान चालवलं, मग बाजूलाच रेकॉर्डिंगची खोली केली, आणि आता आपल्या भागातल्या कलाकारांची गाणी डिजिटल दुकानांवर चढवून द्यायचं काम करतो. उत्तर लांब होईल, सवडीनं वाच.

पहिलं म्हणजे "फुकट मिळतं म्हणून लोक पैसे देत नाहीत" हे डोक्यातून काढ. लोक पैसे देतात. आपल्या मराठवाड्यातले लोकपण देतात, लई देतात. फक्त पैसे देणं हे चोरीपेक्षा सोपं पडलं पाहिजे. आयट्यून्स चाललं ते याच्यामुळं आणि आपल्याकडं तसली दुकानं बुडाली ती पण याच्यामुळंच, लोक प्रामाणिक का लबाड याचा त्यात फार संबंध नाही.

आता मुळापासून बघू. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी एमपीथ्रीचं तंत्र बसवलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मानक म्हणून मान्य झालं. सीडीवरचा आवाज मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खातो, तो एमपीथ्रीत एक एमबीच्या आसपास बसायला लागला. बास, इथंच सगळा खेळ बदलला, कारण गाणं आता फोनच्या तारेतून जाऊ शकत होतं. जून १९९९ मधी शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोरानं नॅपस्टर काढलं, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरची गाणी तू उतरवून घे, तुझी मी घेतो. संगीत कंपन्यांनी त्याच डिसेंबरात केस टाकली आणि जुलै २००१ मधी नॅपस्टर बंद पडलं. तोवर कोट्यवधी लोकांना सवय लागून गेली होती की मनात आलेलं गाणं दहा मिनिटात घरी येतं, आणि सवय कोर्टानं बंद होत नाही. नॅपस्टर गेलं तर दुसरी दहा आली.

मग कंपन्यांना वाटलं आपणच दुकान टाकू. डिसेंबर २००१ मधी दोन दुकानं निघाली, प्रेसप्ले आणि म्युझिकनेट. एकात सोनी आणि युनिव्हर्सल, दुसऱ्यात वॉर्नर, बीएमजी, ईएमआय. म्हणजे गिऱ्हाइकाला आधी हे माहीत पाहिजे की आपला गायक कुठल्या कंपनीचा आहे, मग त्या दुकानात जायचं. महिन्याचे पैसे भरायचे आणि भरायचे थांबले की उतरवलेली गाणी वाजायची बंद. दुकानदार म्हणून सांगतो, गिऱ्हाईक दारात आलं आणि त्याला म्हटलं "तुझं गाणं पलीकडच्या दुकानात", तर ते पलीकडं जात नसतं, ते घरी जातं. तसंच झालं, कुणी फिरकलं नाही. त्याच्याही आधी १९९८ पासून ईम्युझिक नावाचं दुकान रीतसर एमपीथ्री विकत होतं, कॉपी अडवणारं कुलूपबिलूप काही नाही, पण मोठ्या कंपन्यांची गाणी त्यात नव्हती, त्यामुळं ते दर्दी लोकांपुरतंच राहिलं.

२८ एप्रिल २००३ ला ॲपलनं आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, पाचही मोठ्या कंपन्या एका छपराखाली, कुठलंही गाणं ९९ सेंटला. आधी ऐकून बघ, आवडलं तर एक बटण दाब, गाणं तुझं. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली, आणि हे दुकान तेव्हा फक्त अमेरिकेत, ते पण फक्त ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर चालत होतं, जो अगदी थोड्या लोकांकडं असायचा. कंपन्या तयार झाल्या त्यात हेपण एक कारण, नुकसान झालं तरी थोडक्यात होईल असा हिशोब. ऑक्टोबरात विंडोजवर आलं आणि मग कुणाच्या हातात राहिलं नाही. फेब्रुवारी २००६ मधी शंभर कोटी गाणी, फेब्रुवारी २०१० मधी हजार कोटी. २००८ च्या एप्रिलमधी तर वॉलमार्टला मागं टाकून अमेरिकेतला सगळ्यात मोठा गाण्याचा दुकानदार आयट्यून्स झाला, आणि वॉलमार्ट म्हणजे गावोगावी गोडाऊनएवढी दुकानं असणारी पार्टी.

याच्यात नेमकं काय जमलं ते बघ, कारण तुझ्या आठ गाण्यांनापण तेच लागू आहे. फुकटवाल्या जागी काय व्हायचं, गाण्याचं नाव एक आणि आत भलतंच, कुणी अर्धं कापलेलं, कुणी व्हायरस घातलेला, तीन वेळा उतरवावं तेव्हा एक नीट मिळायचं. ९९ सेंट हे गाण्याचे नव्हते, डोक्याचा ताप वाचवायचे होते. दुसरं म्हणजे भाव सगळ्यांचा एकच, त्यामुळं विचार करायला लागत नव्हता. आणि तिसरी गोष्ट जी कंपन्यांना सगळ्यात जास्त टोचली, ती म्हणजे एकेक गाणं सुटं मिळायला लागलं. आधी एका गाण्यासाठी बारा-पंधरा डॉलरची अख्खी सीडी गळ्यात मारता यायची, आता लोक तेवढं एकच गाणं उचलायचे आणि बाकीची नऊ तिथंच. म्हणून विक्रीचे आकडे एवढे फुगले तरी कंपन्यांचा धंदा काही पहिल्यासारखा झाला नाही. चोरीनं मारलं असं सगळे सांगतात, पण मला विचारशील तर सुट्या विक्रीनं पण तेवढंच मारलं, फक्त ते बोलायला सोयीचं नव्हतं.

९९ सेंटातले सत्तरच्या आसपास कंपनीला जायचे, कलाकाराला त्याच्या करारात लिहिलंय तेवढे. ॲपलला स्वतःला कार्डाचा खर्च जाऊन फार काही उरत नव्हतं, पण त्यांना आयपॉड, म्हणजे खिशात ठेवायचं गाण्याचं मशीन, विकायचा होता. गाणं हे मशीन विकायचं निमित्त. हे लक्षात ठेव, पुढं आपल्याकडं जिओनं पण गाण्याचं हेच केलं, तिकडं मशीन होतं आणि इकडं डेटा.

कुलपाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. सुरुवातीला विकलेल्या गाण्यावर ॲपलचं फेअरप्ले नावाचं डिजिटल कुलूप असायचं, तीनच कॉम्प्युटरवर चालणार, नंतर पाच केले, आणि खिशातल्या मशीनवर म्हणशील तर फक्त आयपॉडवर. बैल विकला पण वेसण स्वतःच्याच हातात ठेवली, असला व्यवहार. याचा खरा तोटा २००८ ला दिसला. मायक्रोसॉफ्टनं आपल्या बंद केलेल्या एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवलं की कुलूप उघडून देणारे सर्व्हर आता बंद करणार, म्हणजे कॉम्प्युटर बदलला की विकत घेतलेली गाणी गेली. एवढी बोंब झाली की त्यांना मुदत वाढवून द्यावी लागली. त्याच वर्षी याहूनं पण दुकान बंद केलं आणि लोकांना पैसे परत द्यायची पाळी आली. म्हणजे ज्यानं चोरी केली त्याची गाणी शाबूत आणि ज्यानं पैसे मोजले त्याचीच गायब. फेब्रुवारी २००७ मधी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं उघड पत्र लिहून म्हटलं की कंपन्यांनी परवानगी दिली तर आम्ही कुलूप काढायला तयार आहोत. मे मधी ईएमआयची गाणी आयट्यून्सवर कुलपाशिवाय आली, सप्टेंबरात ॲमेझॉननं सरळ एमपीथ्रीचं दुकान टाकलं, कुठल्याही मशीनवर वाजवा म्हणले, आणि जानेवारी २००९ मधी आयट्यून्सनं सगळ्याच गाण्यांचं कुलूप काढतोय म्हणून जाहीर केलं आणि एका भावाच्या जागी तीन भाव आणले, ६९ सेंट, ९९ सेंट, १ डॉलर २९ सेंट.

आता इकडं ये. २००३ मधी ९९ सेंट म्हणजे पंचेचाळीस-सत्तेचाळीस रुपये, आणि तेवढ्यात आमच्या काउंटरवर अख्खी कॅसेट मिळायची, दोन्ही बाजूनं भरलेली. त्यात लातूरला तेव्हा इंटरनेट म्हणजे कॅफेतली डायलअप लाइन, पाच एमबीचं गाणं उतरायला पंधरा-वीस मिनिटं, आणि मधीच लाइट गेली की परत पहिल्यापासून. कॅफेचं भाडंच गाण्यापेक्षा महाग पडायचं. आमच्याकडं खरी क्रांती इंटरनेटनं नाही आणली, एमपीथ्रीच्या सीडीनं आणली. सातशे एमबीच्या एका सीडीत सव्वाशे-दीडशे गाणी, गंजगोलाईत हातगाड्यावर ढीग लागायचे. आमचं कॅसेटचं कपाट तिथंच संपलं.

मग आला मोबाइल आणि मेमरी कार्ड. औरंगाबादला पैठण गेट, नांदेडला वजिराबाद, आणि तालुक्याच्या प्रत्येक स्टँडसमोर एक छोटी टपरी, एक कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर, काचेवर कागद चिकटवलेला "गाणी भरून मिळतील". बीड, पाटोदा, वडवणी, गेवराईकडची ऊसतोडीची माणसं दसऱ्यानंतर कारखान्यावर निघायची तेव्हा आधी कार्ड भरून घ्यायची, कारण फडात रेंज नाही, सहा महिने तीच गाणी. ट्रॅक्टरवाला वेगळी भरून घेणार, म्हातारी भजनं भरून घेणार, पोरगं सिनेमाची. आणि हे फुकट नव्हतं रे! दहा, वीस, तीस रुपये टपरीवाल्याला द्यायचेच, खळखळ न करता. दुकानदार चवीप्रमाणं निवडून द्यायचा, "आनंद शिंदेची टाकू का, नवीन गोंधळ आलाय तो टाकू का", म्हणजे आज ज्याला मोठ्या कंपन्या रेकमेंडेशन म्हणतात ते आमचा टपरीवाला तोंडावर बघून करायचा.

म्हणून मी म्हणतो की गाणं फाइल म्हणून जवळ बाळगायचं आणि त्याला पैसे द्यायचे ही सवय मराठवाड्यात अमेरिकेपेक्षा कमी नव्हती. पैसा होता, गिऱ्हाईक होतं, दुकान होतं. फक्त त्यातला छदाम पण गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला मिळत नव्हता. कायद्यानं तो गुन्हाच, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मधी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि अधूनमधून धाडी पडायच्या, एखाद्याचा कॉम्प्युटर उचलून न्यायचे. संगीत कंपन्यांच्या संघटनेनं मधी टपरीवाल्यांना वर्षाचा परवाना द्यायची योजना पण काढली होती, पैसे भरा आणि कायदेशीर गाणी भरा. डोकं बरोबर होतं. पण शेजारचा विनापरवाना बसलेला असताना एकट्यानं कोण भरणार, आणि त्या परवान्यात मोठ्या कंपन्यांची गाणी, आमच्या बारक्या लेबलांची भीमगीतं-भारुडं कुठं त्यात. माझ्या मते आपल्याकडचं खरं आयट्यून्स या टपऱ्यांतून उभं राहू शकत होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

कॉलर ट्यून आठवते का? तू तेव्हा लहान असशील. महिन्याला तीस रुपये भाडं आणि गाणं निवडायचे वेगळे पंधरा, असल्या भावात लोक घ्यायचे, आणि ते गाणं स्वतःला ऐकू पण येत नाही, फोन करणाऱ्याला येतं! जयंतीच्या महिन्यात ज्याच्या त्याच्या फोनवर भीमगीत. कामून चाललं? कारण कार्ड नको, खातं नको, बॅलन्समधून आपोआप कट. ऑपरेटर मोठा वाटा ठेवायचा, बाकीचा कंपनीला, कलाकाराला उरलं तर. आणि न मागता चालू करून बॅलन्स कापायचे प्रकार एवढे झाले की जुलै २०१३ मधी ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, दोनदा होकार घेतल्याशिवाय सेवा चालू करायची नाही असा नियम काढला. त्यानंतर कॉलर ट्यूनचा धंदा धाडकन खाली आला, म्हणजे त्यात खऱ्या मागणीची किती होती आणि चुकून दाबलेल्या बटणाची किती होती ते पण कळलं.

रीतसर डाउनलोडची दुकानं आपल्याकडं आली ती उशिरा. २०१२ च्या फेब्रुवारीत फ्लिपकार्टनं फ्लाइट नावाचं दुकान काढलं, कुलूप नसलेली एमपीथ्री, सहा रुपयांपासून पुढं. मला ते लई आवडलं होतं, साधं होतं आणि भाव आपल्या खिशाचा होता. त्याच डिसेंबरात आयट्यून्स भारतात आलं, सात, बारा, पंधरा रुपयांना गाणं. पण तोवर रिझर्व्ह बँकेचा नियम होता की ऑनलाइन कार्ड वापरायचं तर प्रत्येक वेळी जादा पासवर्ड, म्हणजे सात रुपयांच्या गाण्यासाठी सोळा आकडे टाका, पासवर्ड टाका, तेवढ्यात नेट गेलं तर पैसे अडकले. नियम चांगलाच होता, फसवणूक वाचली, पण सात रुपयांच्या व्यवहारासाठी तो जीवघेणा. आणि आयट्यून्सला तर क्रेडिट कार्ड पाहिजे, ते उदगीर-निलंग्यात किती जणांकडं असणार? ॲपलनं यूपीआय घ्यायला सुरुवात केली ती २०१९ च्या ऑगस्टमधी, तोवर लग्न लागून वऱ्हाड घरी गेलं होतं. फ्लाइट तर जून २०१३ मधीच बंद झालं, दीड वर्ष पण नाही झालं. बंद करताना त्यांनी सांगितलं ते असं की चोरी आणि बारक्या रकमा भरायची सोपी सोय, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय भारतात हा धंदा मोठा होणार नाही. अगदी बरोबर निदान. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१२ मधी, कलकत्ता हायकोर्टानं सॉंग्स डॉट पीकेसारख्या चोरीची गाणी देणाऱ्या शंभरावर साइट बंद करायला लावल्या होत्या, पण टपरीवाल्याच्या हार्डडिस्कला कुठलं कोर्ट अडवणार.

गंमत म्हणजे २०१६ मधी यूपीआय आलं, पाच रुपये पण एका बोटानं जायला लागले, ज्याच्यासाठी फ्लाइट तडफडत होतं ते हातात आलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं न् डेटा एवढा स्वस्त झाला की गाणं उतरवून ठेवायची गरजच कुणाला उरली नाही. तिकडं अमेरिकेत पण डाउनलोड उताराला लागलंच होतं, २०१७ मधी तर तिथं डाउनलोडची कमाई परत सीडी आणि तबकड्यांच्या खाली गेली. आता सगळं स्ट्रीमिंग, म्हणजे गाणं तुझ्याकडं नसतंच, ऐकायचा हक्क तेवढा.

आता तुझ्या आठ गाण्यांचं. यूट्यूबवर टाक, त्यात काही दुमत नाही, आपला श्रोता तिथंच आहे. स्ट्रीमिंगच्या ॲपवर पण चढव. पण त्यातून घर चालेल असं धरू नको, एका ऐकण्यामागं जे मिळतं ते रुपयात नाही, पैशात मोजायचं असतं आणि ते पण महिन्यांनी येतं. पैसे कुणाकडून येतील ते विचार कर. स्ट्रीमिंग चालत नाही, फाइलच पाहिजे, असा माणूस आजपण कोण आहे? डीजेवाला. बँजो पार्टी. देवळातला भोंगेवाला. जीपमधी पेनड्राइव्ह लावणारा. मिरवणुकीत यूट्यूब लावून कुणी बसत नाही, गर्दीत नेट गोल गोल फिरतं. डीजेवाल्याला चांगल्या आवाजाची, न दाबलेली वेव्ह फाइल पाहिजे असते, कारण यूट्यूबवरून ओढलेलं गाणं मोठ्या साउंडवर फाटतं हे त्याला कानानं कळतं. माझ्याकडचे दोन-तीन संच एप्रिलच्या आधी डीजेवाल्यांना यूपीआयवर पैसे घेऊन थेट फाइल पाठवतात, सोबत त्यांच्या नावाची घोषणा घातलेली स्पेशल प्रत. हे डाउनलोडचं दुकानच झालं की, फक्त त्याला ॲप नाही. आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी स्टेजशेजारी भरलेले पेनड्राइव्ह ठेव, लोक घेतात, विशेषतः वयस्कर माणसं.

बाहेरदेशी श्रोता असेल तर बँडकॅम्प बघ. २००८ पासून चालू आहे, खरेदीदार रीतसर पैसे देऊन गाणं उतरवून घेतो, पाहिजे तर ठरल्या भावापेक्षा जास्त देतो, डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ते ठेवतात आणि पैसे भरायचा खर्च वेगळा. आपल्या गावातला माणूस तिथं जाणार नाही, पण अमेरिका-इंग्लंडातली आपली माणसं जयंतीला गाणी शोधत असतात. पैसे पेपालवर येतात, ते खातं आधी काढून ठेव. आठ गाण्यांमागं हजारो रुपये येतील असं नाही, पण जो एक माणूस घेतो तो हजार ऐकण्याएवढं देऊन जातो.

मास्टरची वेव्ह फाइल दोन वेगवेगळ्या जागी जपून ठेव, चढवताना एमपीथ्री कधीच देऊ नको, ती परत दाबली जाते न् आवाज अजून खराब होतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-आकड्यांचा कोड मिळतो, तो सगळ्या दुकानात तोच ठेवायचा, वितरक, म्हणजे गाणी दुकानांवर चढवून देणारा, बदलला तरी, नाहीतर हिशोब दोन जागी फुटतो. यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्या कुणी चढवलं तर ओळखणारी सोय, वितरकाकडून चालू करून घे, कारण तुझं गाणं चाललं की त्याच्यावर ढोल लावून दुसराच कुणीतरी आपल्या नावावर चढवणार, हे मी सारखं बघायलोय.

आणि कागद. इथं मात्र जरा थांब. माजलगावकडच्या एका जुन्या गायकाची गोष्ट मला माहिती आहे, नाव नको, कॅसेटच्या काळात एका कंपनीनं त्याच्याकडून बॉंडवर लिहून घेतलं, सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांसाठी, आणि हातावर एकदाच काय ते पैसे. पुढं तीच गाणी कॉलर ट्यूनला लागली, ॲपवर गेली, आज लाखांनी ऐकली जातात, आणि ते गृहस्थ कार्यक्रमाच्या बिदागीवर जगायलेत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं यात दोन चांगल्या गोष्टी केल्या. एक म्हणजे करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा वापरात नव्हतं, त्याचा हक्क त्या करारात स्पष्ट नाव घेऊन लिहिला नसेल तर तो दिला असं धरायचं नाही. दुसरी म्हणजे गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्यांना कुणाला लिहून देताच येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून. म्हणून तुमच्यातला जो लिहितो न् जो चाल लावतो त्यानं आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्य व्हावं. आणि "सर्व हक्क एकरकमी" असा कागद कुणी पुढं केला तर सही करायच्या आधी मला फोटो काढून पाठव.

भारुडांचं बोलायचं तर नाथांची भारुडं सगळ्यांची आहेत, त्याला कुणाची परवानगी नको, पण दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डिंगमधली चाल आणि वाजवणं जसंच्या तसं उचललं असेल तर भानगड होईल. भीमगीतांचं तसं नाही. वामनदादा कर्डक २००४ मधी गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं हक्क चालू राहतो, म्हणजे २०६४ च्या अखेरपर्यंत त्यांची गीतं वारसांना विचारल्याशिवाय विकायला ठेवता येत नाहीत. गावोगाव सगळेच म्हणतात म्हणून ती मोकळी होत नाहीत. लोकांसमोर गायची वेगळी गोष्ट आणि फाइल करून विकायची वेगळी.

तर आठमधली कुठली वामनदादांची, कुठली दुसऱ्या कवीची आणि कुठली तुमच्या संचातल्याच कुणी लिहिलेली ते एका कागदावर लिहून पाठव, प्रत्येकासमोर लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव. तुमची स्वतःची जी असतील न् नाथांची भारुडं, ती आधी चढवू. जयंतीच्या किमान महिनाभर आधी माझ्याकडं यायला पाहिजेत, ऐन वेळी दिलं तर दुकानांवर दिसेपर्यंत मिरवणूक होऊन गेलेली असते.